बंद जागेतल्या खेळासाठी छोटी एअरसॉफ्ट रायफल: खरेदी, मोजणी आणि सुधारणांचा योग्य क्रम

खोल्या, जिने आणि अरुंद बोळ असलेल्या इमारतीत एअरसॉफ्ट (प्लास्टिकच्या छोट्या छर्‍यांनी खेळायची लुटुपुटूची लढाई) खेळण्यासाठी बॅटरीवर चालणारी छोटी रायफल घेणारे बहुतेक नवे खेळाडू ठरावीक क्रमाने पैसे खर्च करतात. आधी बाहेरून दिसणारे भाग येतात, मग जोरकस स्प्रिंग, मग जास्त व्होल्टची बॅटरी. आणि काहीतरी तुटल्यावर किंवा वेगमापनात रायफल नापास झाल्यावर हॉप-अपच्या, म्हणजे छर्‍याला फिरकी देणाऱ्या भागाच्या, रबराकडे आणि हवेच्या गळतीकडे लक्ष जाते. हा क्रम पूर्णपणे उलटा करायला हवा. बंद जागेत समोरचा खेळाडू बहुतेक वेळा ५ ते २५ मीटरवर असतो. तिथे जादा जोराचा उपयोग नसतो. पहिला छर्रा नेम धरला तिथेच जाणे आणि ट्रिगर दाबताच सुटणे, या दोनच गोष्टींना किंमत असते.

हा लेख ब्रिटनमध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी राहणाऱ्या आणि तिथे हा खेळ सुरू केलेल्या मराठी वाचकांसाठी लिहिला आहे, त्यामुळे कायदा आणि मैदानांचे संकेत तिथले आहेत. यंत्राविषयीचा भाग मात्र कुठेही लागू पडतो. उदाहरण म्हणून अमेरिकी लष्कराच्या एम४ रायफलीच्या धर्तीची, व्हर्जन २ प्रकारचा गिअरबॉक्स (गिअर, पिस्टन आणि स्प्रिंग असलेली पेटी) असलेली छोटी रायफल गृहीत धरली आहे. जी अँड जी कंपनीची एआरपी ९ याच प्रकारात मोडते. गॅसवर किंवा दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या रायफलींची रचना वेगळी असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

टप्पा १: पैसे देण्याआधी कायदा आणि मैदानाचे नियम

ब्रिटनमध्ये २००६ च्या व्हायोलंट क्राइम रिडक्शन कायद्यानुसार खऱ्या शस्त्रासारखी दिसणारी प्रतिकृती विकणे किंवा आयात करणे हा गुन्हा आहे, मात्र एअरसॉफ्ट खेळणाऱ्यांसाठी त्यात सवलत ठेवली आहे. ग्राहक खरोखर खेळतो, याची खात्री दुकानदार बहुधा युकारा या नोंदणीवरून करून घेतात. ही नोंदणी मिळवण्यासाठी एखाद्या नोंदणीकृत मैदानावर किमान ५६ दिवसांच्या काळात किमान ३ वेळा खेळावे लागते. नोंदणी नसेल तर निम्म्याहून अधिक भाग भडक रंगात रंगवलेली दोन रंगी रायफल घेता येते. वयाची १८ वर्षे पूर्ण नसलेल्या व्यक्तीला यांपैकी काहीच विकता येत नाही.

माझा आग्रह असा की, हे ५६ दिवस भाड्याची रायफल घेऊन खेळण्यात घालवावेत. आपल्या खांद्याला किती लांबीचा स्टॉक सोसतो, मुखवटा घालून नेम धरता येतो का, आणि ज्या मैदानावर आपण वारंवार जाणार आहोत तिथे ऑटोमॅटिक मारा चालतो की नाही, हे या काळात कळते. बंद जागेच्या अनेक मैदानांवर फक्त एकेक छर्रा सोडण्याची परवानगी असते. अशा ठिकाणी सेकंदाला ३० छर्रे सोडणारी रायफल बांधणे म्हणजे न वापरता येणाऱ्या गोष्टीवर खर्च करणे होय.

शक्तीची कायदेशीर मर्यादा पाठच असावी. ऑटोमॅटिक मारा करू शकणाऱ्या एअरसॉफ्ट रायफलीसाठी ती १.३ ज्यूल आहे आणि एका दाबात एकच छर्रा सोडणाऱ्या रायफलीसाठी २.५ ज्यूल. येथे ‘करू शकणाऱ्या’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. आपण निवडखटका कायम एकेक छर्‍यावर ठेवतो, एवढ्याने रायफल २.५ ज्यूलच्या गटात जात नाही. ही मर्यादा ओलांडली की कायद्याच्या दृष्टीने ती एअरसॉफ्ट रायफल उरत नाही आणि प्रकरण बंदुकांच्या कायद्यात जाते. मैदानांची मर्यादा याहून कमी असते. ०.२० ग्रॅमच्या छर्‍याने ३५० फूट प्रतिसेकंद, म्हणजे सुमारे १.१४ ज्यूल, ही सर्वसाधारण मर्यादा आहे, आणि बंद जागेची काही मैदाने ती आणखी खाली आणतात.

सावधान: रायफल सार्वजनिक जागी उघडी दिसता कामा नये. घरापासून मैदानापर्यंत ती बंद पिशवीत, बॅटरी आणि मॅगझिन काढून न्यावी. घरात सराव करतानाही पडदे लावावेत. खिडकीतून हे दृश्य पाहणाऱ्या शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला तर त्याचे काही चुकले, असे म्हणता येणार नाही. सुटीत भारतात येताना ही रायफल सामानात घालण्याचा विचारही करू नये.

टप्पा २: चेहरा, डोळे, दात

रायफलीच्या आधी संरक्षण विकत घ्यावे. ईएन १६६ या युरोपीय मानकात गॉगलच्या काचेवर ६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी आदळून चाचणी घेतली जाते. ‘एफ’ खूण असलेली काच ४५ मीटर प्रतिसेकंद वेगाच्या आघातासाठी आणि ‘बी’ खूण असलेली १२० मीटर प्रतिसेकंदाच्या आघातासाठी तपासलेली असते. बंद जागेसाठी चेहऱ्याला सर्व बाजूंनी चिकटून बसणारा ‘बी’ खुणेचा गॉगल घ्यावा. कानावर अडकवायचा साधा चष्मा घेऊ नये, कारण अरुंद बोळात छर्रे भिंतीवरून उसळून बाजूने आणि खालूनही येतात. जाळीच्या गॉगलवर वाफ धरत नाही हे खरे, पण फुटलेल्या छर्‍याचा बारीक तुकडा जाळीतून आत जाऊ शकतो. बंद जागेत छर्रे कठीण भिंतींवर आपटून फुटतात, म्हणून तिथे डोळ्यांसाठी जाळी नको. खालच्या अर्ध्या चेहऱ्याला मात्र जाळीचा मुखवटा चालतो, आणि तो हवाच. बंद जागेतला खेळ अनेकांच्या पुढच्या दातांवर बेततो. नंबरचा चष्मा वापरणाऱ्यांनी दुहेरी काचेचा गॉगल घ्यावा. त्यावर वाफ बरीच कमी धरते.

तपासणी: गॉगल आणि मुखवटा घालून रायफल खांद्याला लावावी. डोळा नेमाच्या रेषेत येत नसेल तर मान पिळू नये. त्याचा उपाय टप्पा ७ मध्ये आहे.

टप्पा ३: काहीही न उघडता मूळ स्थितीची मोजणी

हा टप्पा सर्वाधिक लोक वगळतात आणि पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात. नव्या रायफलीत आधी दोन-तीनशे छर्रे घालवून रबर आणि पिस्टनची रिंग बसू द्यावी. मग क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, हॉप-अप पूर्ण बंद ठेवून, ०.२० ग्रॅमचे १० छर्रे सोडावेत आणि दहाही आकडे वहीत लिहावेत. केवळ सरासरी लिहिली तर मोजणीचा अर्धा उपयोग वाया जातो, कारण सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांतला फरक सरासरीहून जास्त बोलतो. फरक १० फूट प्रतिसेकंदाच्या आत असेल तर हवाबंदपणा ठीक आहे. २०-३० फुटांचा फरक दिसला तर कुठेतरी हवा गळते आहे, आणि तसे असताना नवी स्प्रिंग घालणे निरर्थक आहे.

त्यानंतर ज्या वजनाचे छर्रे खेळात वापरणार त्यांनीच पुन्हा १० वेळा मोजावे. १.१४ ज्यूलची शक्ती ०.२० ग्रॅमच्या छर्‍याला ३५० फूट प्रतिसेकंद वेग देते, ०.२५ ग्रॅमच्या छर्‍याला सुमारे ३१३ आणि ०.२८ ग्रॅमच्या छर्‍याला सुमारे २९६. जड छर्‍याचा वेग कमी दिसला म्हणून शक्ती घटली असे समजू नये. उलट, छोट्या बॅरलच्या रायफलीत मोठा सिलिंडर (पिस्टन ज्यात हवा दाबतो ते नळकांडे) असेल तर जड छर्‍याबरोबर शक्ती वाढलेली आढळू शकते. हलका छर्रा चटकन बाहेर पडतो आणि उरलेली हवा त्याच्या मागून वाया जाते. जड छर्रा बॅरलमध्ये थोडा अधिक वेळ राहतो आणि त्या हवेचा जोर घेतो. खेळाडू याला जूल क्रीप म्हणतात. ०.२० ग्रॅमवर मर्यादेत बसलेली रायफल ०.२८ ग्रॅमवर मर्यादा ओलांडत असेल, तर समोरच्याला लागणारा मार खराच जास्त असतो. मैदानावर कोणी विचारो वा न विचारो, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

छर्रे नामांकित कंपनीचे, गुळगुळीत आणि शिवण न दिसणारे असावेत. चांगल्या छर्‍याचा व्यास ५.९५ मिलिमीटर असतो आणि त्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाच फरक चालतो. जमिनीवर पडलेला छर्रा पुन्हा भरू नये. त्याच्यावरचा एक कण नवी बॅरल ओरखडण्यास पुरेसा असतो.

टप्पा ४: हॉप-अप, रबर आणि आतली बॅरल

सुधारणेसाठी फक्त एकदाच खर्च करता येणार असेल, तर तो इथे करावा. छर्रा बॅरलमध्ये शिरताना रबराचा उंचवटा त्याला वरून घासतो, छर्‍याला मागच्या दिशेने फिरकी मिळते आणि त्या फिरकीमुळे तो हवेत तरंगत सरळ जातो. उंचवटा वाकडा, तेलकट किंवा कडक असेल तर महागड्या बॅरलनेही छर्रा सरळ जाणार नाही.

काम या क्रमाने करावे. मॅगझिन काढावे, सुरक्षित दिशेने एक-दोन वेळा ट्रिगर दाबून बॅरल रिकामी झाल्याची खात्री करावी, मग बॅटरी काढावी. रायफलीच्या मधली पुढची पिन ढकलून वरचा भाग पुढे सरकवावा आणि हॉप-अप कप्पा आतल्या बॅरलसह बाहेर घ्यावा. पसरट ताटलीत पांढरे कापड अंथरून त्यावरच काम करावे, कारण बॅरल अडकवणारी छोटी क्लिप आणि रबरावर दाब देणारा नब हे दोन्ही सुटे होऊन जमिनीवर हरवणारे भाग आहेत. क्लिप काढून बॅरल ओढली की तिच्या टोकावर जुने रबर दिसते.

नवे रबर निवडताना त्यावरचा कडकपणाचा आकडा पाहावा. एक ज्यूलच्या आसपासच्या शक्तीला ५० किंवा ६० अंशांचे रबर योग्य ठरते. ७० अंशांचे रबर जास्त शक्तीच्या रायफलींसाठी असते. ब्रिटनच्या हिवाळ्यात बंद जागेची कित्येक मैदाने म्हणजे गरम न केलेल्या रिकाम्या इमारती असतात. तिथे रबर आणखी ताठरते, म्हणून मी नव्या खेळाडूला ५० अंशांचेच सुचवेन. बॅरलचे टोक आणि रबराचा आतला भाग कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसावा. रबरावरची उभी रेषा बॅरलच्या खाचेत नेमकी बसवावी, कुठेही सुरकुती राहू देऊ नये, आणि बाहेरच्या बाजूने पाण्याच्या नळाला गुंडाळतात त्या पातळ टेपचा एकच वेढा द्यावा. उंचवटा आणि तो आत उतरतो ती बॅरलची खिडकी यांच्यावर टेप जाता कामा नये.

तपासणी: रायफलीपासून सुट्या असलेल्या बॅरलचे पुढचे टोक उजेडाकडे धरून दुसऱ्या टोकाने आत पाहावे आणि हॉप-अप हळूहळू चढवावा. उंचवटा वरून सरळ, मधोमध उतरताना दिसला पाहिजे. तो एका बाजूला कलत असेल तर सगळे पुन्हा खोलावे. कललेल्या रबराची रायफल कायम डावीकडे किंवा उजवीकडे वळत राहते आणि नेम कितीही फिरवला तरी ते दुरुस्त होत नाही.

आतल्या बॅरलविषयी गैरसमज फार आहेत. लांब बॅरलने पल्ला वाढतो, हा त्यांतला पहिला. एअरसॉफ्टमध्ये पल्ला मुख्यतः हॉप-अप आणि छर्‍याचे वजन ठरवतात. जितकी अरुंद तितकी उत्तम, हा दुसरा. तोक्यो मारुई या जपानी कंपनीच्या मूळ बॅरल ६.०८ मिलिमीटर व्यासाच्या असतात आणि त्या उत्तम चालतात. बदलायचीच असेल तर ६.०३ मिलिमीटरची घ्यावी, ६.०१ ची बॅरल एवढ्याशा धुळीनेही अडते आणि वारंवार स्वच्छ करावी लागते. लांबी मूळ बॅरलएवढीच ठेवावी. ती वाढवायची असल्यास सिलिंडरशी हिशोब जुळवावा लागतो. ६.०३ मिलिमीटर व्यासाच्या २०० मिलिमीटर बॅरलमध्ये सुमारे ५.७ घन सेंटिमीटर हवा मावते, आणि सिलिंडरमध्ये तिच्या दीडपट ते दुप्पट हवा असावी असा सर्वसाधारण दंडक आहे. छोट्या बॅरलच्या रायफलीत भिंतीला छिद्र असलेला सिलिंडर याचसाठी बसवलेला असतो. तो बदलून छिद्र नसलेला पूर्ण सिलिंडर घातला तर आवाज वाढतो आणि टप्पा ३ मधला जूल क्रीप बळावतो, पण अचूकता वाढत नाही.

हॉप-अप लावताना शून्यापासून सुरुवात करावी. खेळातलेच छर्रे घेऊन, मोकळ्या आणि सुरक्षित पल्ल्यावर, एकेक खाच चढवत जावे. छर्रा खाली पडण्याऐवजी लांबवर सपाट जाऊ लागला की थांबावे. शेवटी तो वर उचलल्यासारखा वाटला तर एक खाच मागे यावे. बंद जागेत २५ मीटरपुढे काहीच नसते, म्हणून लोक हॉप-अप जुळवतच नाहीत. ही चूक आहे, कारण जरुरीपेक्षा जास्त चढवलेला हॉप-अप छर्‍याला बॅरलमध्येच अडवतो आणि कमी अंतरावरही प्रत्येक छर्रा वेगळ्या जागी जातो.

यानंतर पुन्हा १० छर्‍यांची मोजणी करावी आणि टप्पा ३ च्या आकड्यांशेजारी लिहावी. एका वेळी एकच भाग बदलावा, हा नियम येथून शेवटपर्यंत पाळावा. रबर, बॅरल आणि स्प्रिंग एकाच संध्याकाळी बदलली आणि रायफल बिघडली, तर दोष कुठे आहे हे शोधायला सगळे मूळ भाग पुन्हा घालावे लागतात.

टप्पा ५: बॅटरी, तारा आणि ट्रिगर

छोट्या रायफलीत बॅटरीची जागा हीच खरी अडचण असते. जागा मोजल्याशिवाय बॅटरी मागवू नये; लांबी, रुंदी आणि जाडी मोजून, त्यातून कनेक्टर आणि तारांच्या वळणासाठी जागा सोडून उरलेले माप धरावे. कोंबून बसवलेल्या बॅटरीची तार स्टॉकच्या कडेखाली दबते, आवरण फाटते आणि आतल्या आत शॉर्ट होते. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी शॉर्ट झाली तर पेट घेते, हे लक्षात ठेवूनच प्रत्येक वेळी स्टॉक बंद करावा.

लिपोच्या एका घटाचा (सेलचा) सांगितलेला दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. दोन घटांची ७.४ व्होल्टची बॅटरी बंद जागेतल्या बहुतेक रायफलींना पुरते. चार्जरवर घटांची संख्या नीट निवडावी, समतोल राखणारी छोटी तार नेहमी जोडावी आणि क्षमतेएवढ्याच प्रवाहाने भरावी. १३०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला १.३ अँपिअर. खेळताना घट ३.५ व्होल्टच्या आसपास आला की बॅटरी बदलावी, आणि ३ व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी पुन्हा भरण्याच्या फंदात पडू नये. आठवड्याहून अधिक काळ ठेवायची असेल तर प्रत्येक घट ३.८ व्होल्टवर आणून, आग रोखणाऱ्या पिशवीत ठेवावी. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. ती बॅटरी स्वीकारणाऱ्या पुनर्वापर केंद्रात द्यावी.

सावधान: भरायला लावलेली लिपो एकटी सोडून झोपायला जाऊ नये. रात्री लावून सकाळी काढण्याची मोबाइलची सवय इथे धोक्याची आहे.

ट्रिगरचा प्रतिसाद सुधारण्यासाठी आधी जुना छोटा टामिया कनेक्टर काढून टी-प्लग किंवा एक्सटी३० लावावा, कारण सैल कनेक्टर गरम होतो आणि प्रवाह अडवतो. सोल्डर करताना धन आणि ऋण तारा एका वेळी एकच कापाव्यात आणि उष्णतेने आकसणारी नळी सोल्डर करण्याआधी तारेवर चढवून ठेवावी. पुढची पायरी मॉसफेटची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचची. साध्या रायफलीत मोटरचा सगळा प्रवाह ट्रिगरच्या तांब्याच्या पट्ट्यांतून जातो आणि प्रत्येक दाबाला ठिणगीने पट्ट्या काळ्या पडतात. मॉसफेट हा भार स्वतः घेतो. आपल्या रायफलीत कारखान्यातूनच मॉसफेट बसवलेला असेल, तर दुसरा घेण्याचे कारण नाही. त्यानंतर मोटर. बंद जागेत ट्रिगर आणि छर्रा यांतला वेळ कमी करायचा असतो, म्हणून निओडिमियम चुंबकाची, जास्त पिळाची (टॉर्कची) मोटर घ्यावी. केवळ जास्त फेऱ्यांची मोटर एकेक छर्‍याच्या खेळात कामी येत नाही.

मोटर बसवल्यावर ग्रिपच्या तळाच्या स्क्रूने तिची उंची जुळवावी. पाव-पाव फेरा फिरवत, प्रत्येक वेळी दोन-तीन छर्रे सोडून आवाज ऐकावा. कर्कश किंचाळी आली तर मोटरचा दात गिअरमध्ये जास्त घुसला आहे किंवा पुरेसा पोहोचलेला नाही; आवाज सर्वांत बसका येतो ती जागा बरोबर. ३०-४० छर्‍यांनंतर ग्रिप हाताला गरम लागत असेल तर उंची पुन्हा तपासावी.

११.१ व्होल्टच्या बॅटरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मॉसफेट नसलेल्या रायफलीत ती घालू नये, आणि मॉसफेट असला तरी गिअरबॉक्सचा वेग व स्प्रिंगची ताकद यांचा मेळ तपासल्याशिवाय घालू नये. बंद जागेची रायफल कमी शक्तीची, म्हणजे सैल स्प्रिंगची असते. वेग फार वाढला की पिस्टन पुढे पोहोचायच्या आतच गिअर पुढच्या फेरीत त्याला पकडतो आणि पिस्टनचे दात साफ होतात. जोराची स्प्रिंग घातली तर मैदानाची मर्यादा ओलांडते आणि सैल ठेवली तर दात जातात, अशा कात्रीत सापडण्यापेक्षा ७.४ व्होल्टवर राहून मोटर चांगली घेणे शहाणपणाचे आहे.

टप्पा ६: गिअरबॉक्स, आणि तो उघडावा की नाही

वरचे टप्पे पार पडल्यावर बहुतेकांना गिअरबॉक्स उघडायची गरज उरत नाही. वेगातला फरक अजूनही १० फुटांहून जास्त असेल, मर्यादेसाठी स्प्रिंग बदलायची असेल किंवा दात तुटल्याचा कडकड आवाज येत असेल, तरच उघडावा. स्प्रिंगवरचा एम१०० यासारखा आकडा ढोबळमानाने ०.२० ग्रॅमच्या छर्‍याचा मीटर प्रतिसेकंदातला वेग सांगतो. एम१०० म्हणजे साधारण १०० मीटर, अर्थात ३२८ फूट प्रतिसेकंद आणि १ ज्यूल. छोट्या बॅरलमध्ये तोच आकडा जरा कमी भरतो. मैदानाची मर्यादा ३५० असेल तर ३२० ते ३३० मिळणारी स्प्रिंग घ्यावी. ३४९ वर बांधलेली रायफल उन्हाळ्यात किंवा वेगळ्या क्रोनोग्राफवर नापास होते. काही रायफलींत मागच्या नळीतून स्प्रिंग बदलता येते. खरेदीच्या वेळी ही सोय असलेले मॉडेल मिळत असेल तर तेच घ्यावे.

उघडायचाच असेल तर आधी दाबलेली स्प्रिंग मोकळी झाली पाहिजे. गिअर उलटे फिरू न देणारी खिटी सुटते तेव्हा पिस्टन आवाजासह पुढे जातो. तो आवाज ऐकल्याशिवाय एकही स्क्रू काढू नये. झाकण उचलताना मागच्या भोकातून लांब स्क्रू ड्रायव्हर स्प्रिंगच्या आधारदांड्यात घालून तो दाबून धरावा आणि डोळ्यांवर गॉगल ठेवावा. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा.

आत सर्वप्रथम हवाबंदपणा पाहावा. सिलिंडरचे तोंड बोटाने बंद करून पिस्टन ढकलावा. तो अडकून राहिला पाहिजे. हळूहळू पुढे सरकत असेल तर पिस्टनची रिंग किंवा सिलिंडरच्या झाकणाची रिंग गळते आहे. अनेकदा रिंग किंचित ताणून सिलिकॉन ग्रीस लावले की काम होते. मग नॉझल (सिलिंडरमधली हवा हॉप-अपपर्यंत नेणारी छोटी नळी) लावून तीच चाचणी पुन्हा करावी.

त्यानंतर गिअरची उंची जुळवणाऱ्या पातळ चकत्या. आधी मोटरशी जुळणारा बेव्हल गिअर, मग मधला स्पर, शेवटी सेक्टर, या क्रमाने चकत्या घालाव्यात. झाकण स्क्रूने घट्ट केल्यावर गिअर बोटाने मोकळेपणी फिरले पाहिजेत, पण वरखाली डगमगू नयेत. चकत्यांचा हिशोब पिस्टन आणि स्प्रिंग न घालताच करायचा असतो. गिअरना लिथियम ग्रीसचा पातळ थर पुरतो. भरभरून लावलेले ग्रीस फेकले जाऊन ट्रिगरच्या पट्ट्यांवर आणि नॉझलमधून हॉप-अप रबरावर पोहोचते. व्हर्जन २ गिअरबॉक्सला पुढच्या खिडकीच्या कोपऱ्यांत तडे जाण्याची जुनी खोड आहे. उघडला आहेच तर ते कोपरे भिंगाने तपासावेत आणि तीक्ष्ण असतील तर बारीक कानशीने गोलसर करून कीस पूर्ण पुसून काढावा.

एवढे वाचून हात थांबत असेल तर गिअरबॉक्स एखाद्या तंत्रज्ञाकडे द्यावा आणि सोबत आपली मोजणीची वही द्यावी. ‘नीट चालत नाही’ या तक्रारीपेक्षा दहा आकड्यांची रांग त्याला जास्त उपयोगी पडते.

टप्पा ७: बाहेरचे भाग

रायफल छोटी घेतली ती दारांतून आणि कोपऱ्यांवर सहज वळावी म्हणून. त्यामुळे पुढे लांब नळकांडे लावण्यापूर्वी विचार करावा. अंधाऱ्या मैदानांवर चमकणारे छर्रे वापरण्यासाठी ट्रेसर लावला जातो, तो उपयोगी आहे. पण त्याचे १४ मिलिमीटरचे उलटे आटे सरळ बसले नाहीत तर छर्रा आतल्या कडेला घासतो. बसवल्यावर मोजणी पुन्हा करावी. ब्रिटनमधल्या घरांत आतल्या दाराची प्रचलित रुंदी ७६२ मिलिमीटर आहे. बॅटरी आणि मॅगझिन काढून, स्टॉक खेळात असतो तितका उघडून, अशा दारातून रायफल खांद्याला लावून वळून पाहावे. चौकटीला टोक लागत असेल तर स्टॉक आणखी आत घ्यावा.

मुखवट्यामुळे गाल स्टॉकवर टेकत नाही, म्हणून रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारे नेमाचे साधन) उंच राइझरवर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या आधारावर, बसवावा. १५ मीटरवर नेम जुळवला की पूर्ण इमारतीत काम भागते. मात्र अगदी जवळून मारताना छर्रा ठिपक्याच्या खाली लागतो, हे ध्यानात ठेवावे. काचेपुढे पॉलिकार्बोनेटची ढाल हवीच, नाहीतर पहिल्याच उसळलेल्या छर्‍याने काच फुटते. टॉर्चवर खर्च करताना मैदानाचे नियम आधी विचारावेत. लुकलुकणाऱ्या प्रकाशाला अनेक ठिकाणी बंदी असते.

मॅगझिन मिड-कॅप (मध्यम क्षमतेच्या) प्रकारचे घ्यावे. चाकाने चावी द्यायचे मोठे मॅगझिन चालताना खुळखुळते आणि शांत इमारतीत आपली जागा सांगून टाकते.

टप्पा ८: मैदानावर आणि परत आल्यावर

सकाळी वेगमापनाला जाताना खेळातले छर्रे आणि ०.२० ग्रॅमचे छर्रे दोन्ही न्यावेत. मापनानंतर हॉप-अप सोडून काहीही फिरवू नये. सुरक्षित विभागात शिरण्यापूर्वी क्रम नेहमी असाच ठेवावा: मॅगझिन काढणे, सुरक्षित दिशेने ट्रिगर दाबून बॅरल रिकामी करणे, सेफ्टी लावणे, बॅरलवर टोपी चढवणे. मॅगझिन काढल्यावरही हॉप-अप कप्प्यात एक छर्रा उरतो, आणि गॉगल काढलेल्या माणसांमध्ये होणारे अपघात बहुधा त्या एका छर्‍याने होतात.

घरी आल्यावर बॅटरी बाहेर काढावी, हॉप-अप शून्यावर आणावा म्हणजे रबरावर कायमचा दाब राहत नाही, आणि सफाईच्या दांड्याला कोरडे कापड गुंडाळून, कापड स्वच्छ निघेपर्यंत बॅरल पुढून पुसावी. बॅरलमध्ये तेल फवारू नये. ते रबरावर पोहोचले की छर्रा फिरकी न घेता घसरतो. मॅगझिन रिकामी करून स्प्रिंग सैल ठेवावी. पुढच्या खेळाच्या आधी पुन्हा १० छर्रे मोजावेत, आणि आकडे मागच्या नोंदीपेक्षा १५-२० फुटांनी घसरले असतील तर सर्वांत आधी रबर आणि नॉझल पाहावे, कारण झीज तिथेच आधी होते.